तापीच्या काठाकाठाने

सुरतेतल्या बमरोलीत यंत्रमागावर काम करणारे कितीतरी मराठी कामगार मूळचे खानदेशी. सणासुदीला ते उधन्याहून भुसावळकडची गाडी पकडतात. १९०० च्या सुमारास पूर्ण झालेला हा तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग व्यारा, नवापूर, नंदुरबार करत तापीच्या खोऱ्यातून जातो. वाटेत नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात आहे, त्यामुळे एकाच फलाटावर दोन राज्यं सापडतात.

मुलताईहून निघालेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. एवढी लांब नदी, पण सुरतेहून खानदेशात जायला तिचा जलमार्ग कधी रुळला नाही. सातपुडा आणि डांगचे डोंगर जवळ येतात तिथं पात्र खडकाळ, पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात पाण्याची धार बारीक. मुखाशीही गाळ, म्हणून मोठी जहाजं किनाऱ्यावरच्या सुवाळीला नांगर टाकत. १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून बुऱ्हाणपूरला निघाला तो खुष्कीच्या वाटेनं, सामान गाड्यांवर लादून. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये त्याच शतकात याच रस्त्याने गेला. नवापूरला विणकर पुष्कळ आणि तिथल्या तांदळाला कस्तुरीचा वास, असं त्यानं लिहून ठेवलंय. नवापूरचे विणकर नोंदवणाऱ्या त्या गृहस्थाला आजची बमरोली पाहून मौज वाटली असती.



खानदेशातली नाव आडवी जायची, या काठावरून त्या काठावर. तापीच्या उंच मातीच्या दरडी उतरून बैलगाडी पाण्यापर्यंत आणणं हेच मोठं काम. पुढचं भोई नि कोळी नावाडी पाहून घेत. नदीकाठी राहुट्या ठोकून मुक्काम पडायचा तो यात्रेत. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा व्यापारी जनावरांसह तापीकाठीच तळ देतात.

मग उकाईचं धरण आलं. १९७२ मध्ये ते पूर्ण झालं आणि नावांना अडवणारं डोंगरातलं पात्र शेकडो चौरस किलोमीटरच्या जलाशयाखाली गेलं. वल्लभसागर हे त्याचं नाव. १७० गावं बाधित झाली, त्यांतली काही महाराष्ट्राच्या बाजूची. ज्या गामित, वसावा, मावची कुटुंबांची शेतं गेली, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती नांगराच्या जागी वल्हं आलं. मासेमारीच्या सहकारी संस्था निघाल्या. जलाशयाची शोभा सांगणाऱ्या पर्यटनाच्या माहितीपत्रकात हा भाग सहसा नसतो, आणि तो असायला हवा.

सुरतेच्या लोकांना आता रानातल्या पाण्याची ओढ लागली आहे. अंबिका नदीच्या काठी पदमडुंगरीला वनखात्याचं तंबू-निवासाचं ठिकाण आहे, तिथं सुट्टीत गर्दी होते. उकाईच्या पाण्याशी शहराचं नातं मात्र वेगळं. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून प्रचंड विसर्ग झाला, सुरतेचा मोठा भाग बुडाला आणि रस्त्यांवर होड्या फिरल्या. तेव्हापासून पावसाळ्यात धरणाची पातळी पूर्ण भरल्याच्या ३४५ फुटांकडे सरकू लागली की सुरतकर रोजचा आकडा विचारतात. जलाशयाच्या काठावरचे शेतकरी उलट तो आकडा उतरण्याची वाट बघतात, कारण पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात त्यांना पेरणी करता येते.