आभासी फळा आणि कामांची नोंदवही

कार्यालयातील बैठक संपली की भिंतीवरील पांढरा फळा पुसला जातो. त्यावर काढलेले चौकोन, बाण आणि घाईघाईने लिहिलेले शब्द नाहीसे होतात. मागे उरते ती कोणी कोणते काम करायचे याची यादी. संगणक क्षेत्रातील चमूंनी या दोन्ही गोष्टी आता महाजालावर नेल्या आहेत. फळ्याच्या जागी 'व्हर्च्युअल व्हाइटबोर्ड' अर्थात आभासी फळा आला आणि यादीच्या जागी 'इश्यू ट्रॅकर', म्हणजे कामांची व अडचणींची सामाईक नोंदवही. ही दोन साधने एकमेकांना कशी जोडली जातात आणि ती का जोडावीत, याचा हा परिचय.

मराठवाड्यातील वाचकांना हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे नोकरी करणारे अनेक तरुण नांदेड आणि लातूर येथील आपल्या घरी परतले आणि तेथूनच काम करू लागले. अशा अभियंत्याच्या हाती बहुधा नोंदवहीतील एक ओळ पडते : 'देयकाच्या पानावरील मांडणी बदलावी.' ती का बदलावी, दुसरा कोणता पर्याय विचारात घेतला होता, हे पुण्याच्या बैठकीत फळ्यावर रेखाटलेले असते. ते न पाहिलेल्या माणसाने काम अचूक केले तरी त्याच्याकडे कामाचा हेतू पोहोचलेला नसतो. पुढे बढतीच्या वेळी 'याला समग्र चित्र कळत नाही' असा शेराही त्याच्याच वाट्याला येण्याचा संभव असतो.

या दोन साधनांचे उगम वेगवेगळे आहेत. नोंदवही जुनी. मोझिलाची 'बगझिला' ही प्रणाली १९९८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ऑस्ट्रेलियातील 'ॲटलासियन' कंपनीने २००२ मध्ये 'जिरा' आणली. हे नाव 'गोजिरा' या जपानी शब्दापासून घेतले आहे. इंग्रजी चित्रपटांतील 'गॉडझिला' तो हाच. मराठी कानाला मात्र हा महाकाय राक्षस उगाचच लोभस वाटतो. या प्रणालीत प्रत्येक कामाला क्रमांक मिळतो. ते कोणाकडे आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि कोणी केव्हा काय बदलले, याचा पूर्ण इतिहास तेथे राहतो. आभासी फळे बरेच नंतरचे. आज 'मिरो' म्हणून ओळखला जाणारा फळा २०११ मध्ये 'रिअलटाइमबोर्ड' या नावाने सुरू झाला आणि २०१९ मध्ये त्याचे नामांतर झाले. कितीही पसरता येईल असा कोरा पृष्ठभाग, त्यावर रंगीत चिठ्ठ्या आणि एकाच वेळी हलणारे अनेकांचे दर्शक, असे त्याचे रूप असते.

चित्र आणि नोंद यांत फरक काय, हे लातूरकरांना ठाऊक असलेल्या एका उदाहरणावरून पाहू. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ११ एप्रिल रोजी निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहाटे लातुरात पोहोचली. तिला १० वाघिणी होत्या आणि पाणी सुमारे ५ लाख लिटर. वाघिणी राजस्थानातील कोटा येथील कर्मशाळेत वाफेने स्वच्छ करून आणल्या होत्या. या मोहिमेसाठी कोणी आभासी फळा वापरला असे नव्हे. पण ती कागदावर मांडून पाहिली की मुद्दा स्पष्ट होतो. यादी केली तर वाघिणींची स्वच्छता, मिरजेतील भरणी, लोहमार्गाची मोकळीक, लातुरात पाणी उतरवणे, शुद्धीकरण, टँकरने वाटप अशा ओळी होतील. प्रत्येकीपुढे रेल्वे, पालिका किंवा जिल्हा प्रशासन असे नावही लिहिता येईल. मात्र या ओळी एकाखाली एक लिहिल्या की सर्व सारख्याच वजनाच्या दिसतात. त्याच गोष्टी बाणांनी जोडल्या की मिरजेतील भरणीची नळवाहिनी ही सर्वांत अरुंद जागा आहे, हे चटकन नजरेत भरते. प्रत्यक्षातही घडले तसेच. तेथे नवी वाहिनी टाकल्यानंतरच ५० वाघिणींची, म्हणजे सुमारे २५ लाख लिटर पाण्याची गाडी धावू शकली. उलट, नुसते चित्र हाती असते तर नळवाहिनी कोणी व कोणत्या तारखेपर्यंत टाकायची, हे त्यात कुठेच दिसले नसते.

जोडणीचे तंत्र तसे सोपे आहे. फळ्यावरील चिठ्ठी निवडून 'हिची नोंद करा' अशी आज्ञा दिली की नोंदवहीत नवे काम तयार होते आणि चिठ्ठीच्या जागी त्याचे पत्रक दिसू लागते. त्यावर क्रमांक, जबाबदार व्यक्ती आणि सद्यःस्थिती असते. पुढे नोंदवहीत काम 'पूर्ण' झाले की फळ्यावरील पत्रकही बदलते. मिरो आणि जिरा यांच्या जोडणीत उलट दिशेनेही बदल करता येतो. पडद्यामागे दोन्ही प्रणाली एपीआय नावाच्या ठरलेल्या दारातून परस्परांशी बोलतात, तर बदल घडताच जो आपोआप निरोप जातो त्याला 'वेबहुक' म्हणतात. ॲटलासियनने २०२३ पासून आपल्या 'कॉन्फ्लुएन्स'मध्येच फळा देऊ केल्याने एकाच घरातील साधने वापरणाऱ्यांचे काम अधिक सुकर झाले.

खरी अडचण शिस्तीची असते. फळ्यावर चाळीस चिठ्ठ्या लागल्या म्हणून चाळीस नोंदी करू नयेत. त्यांतील निम्म्या तर नुसते उद्गार असतात! बैठक संपण्यापूर्वीची दहा मिनिटे राखून ठेवावीत, कोणत्या चिठ्ठ्यांचे काम होणार हे ठरवावे आणि तेवढ्यांचीच नोंद एकाच व्यक्तीने करावी. दुसरे असे की, कामाच्या स्थितीबाबत अखेरचा शब्द नोंदवहीचाच मानावा. काही चमू पत्रके फळ्यावर 'झाले' असे लिहिलेल्या रकान्यात सरकवतात आणि नोंदीला हात लावत नाहीत. पत्रकाची जागा बदलली म्हणजे मूळ नोंद बदलतेच असे नाही. मग दोन ठिकाणी दोन सत्ये नांदू लागतात आणि दूर बसलेल्याला कोणते खरे ते कळत नाही.

प्रवेशाच्या परवानग्यांकडेही लक्ष हवे. फळ्याचा दुवा पाहुण्यांना मुक्तहस्ते वाटला जातो. त्यावर ग्राहकाच्या तक्रारीची पत्रके जोडलेली असतील, तर नोंदवहीत प्रवेश नसलेल्यालाही त्यांतील मजकूर दिसण्याचा धोका असतो. फळा कायम टिकेल असेही गृहीत धरू नये. गूगलने आपला 'जॅमबोर्ड' ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद केला. तोवर आपले फळे पीडीएफ स्वरूपात उतरवून घेण्याचा किंवा दुसऱ्या सेवेत हलवण्याचा मार्ग वापरकर्त्यांपुढे होता. म्हणून महत्त्वाच्या निर्णयाचे दोन वाक्यांतील कारण नोंदीतही लिहावे, हे उत्तम.

आपल्याकडे आणखी एक व्यावहारिक बाब आहे. शेकडो चिठ्ठ्यांचा फळा भ्रमणध्वनीच्या दुबळ्या जोडणीवर उघडताना अडखळतो, नोंदवहीचे पान मात्र निमूट उघडते. वीज गेल्यावर मोबाइलवरून काम करणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. असे सहकारी असतील तर एका प्रकल्पाचा एकच अवाढव्य फळा न करता विषयागणिक छोटे फळे करावेत. चिठ्ठ्या मराठीत लिहायच्या असतील तर युनिकोडचाच आग्रह धरावा. जुन्या टंकांतील किंवा बोटाने गिरवलेला मजकूर शोधात सापडत नाही.

या साऱ्यासाठी पैसे मोजलेच पाहिजेत असे नाही. विष्णुपुरी येथील श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतील किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयातील अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनाही, ते सुटीत चार गावी असले तरी, ही पद्धत वापरता येईल. 'रेडमाइन' ही नोंदवही आणि 'एक्सकॅलिड्रॉ' हा फळा, दोन्ही मुक्त स्रोत आहेत. त्यांच्यात आपोआप देवाणघेवाण होत नसली तरी फळ्यावरील चौकोनाला संबंधित नोंदीचा दुवा जोडता येतो आणि नोंदीच्या वर्णनात फळ्याचा पत्ता ठेवता येतो. चौकोनाच्या कोपऱ्यात नोंद क्रमांक लिहिला की छापील प्रतीवरूनही काम शोधता येते.