आधी पडलं की आधी जळलं?

परवा घराच्या विम्याचे कागद चाळत होतो. राहतो कॅलिफोर्नियात, भूकंपाच्या पट्ट्यात. पॉलिसीत आग आहे, चोरी आहे, भूकंप मात्र नाही! तो हवा तर वेगळी पॉलिसी घ्या. आधी वैतागलो, मग सॅन फ्रान्सिस्को आठवलं.

१८ एप्रिल १९०६. पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी शहर हादरलं. पाण्याच्या वाहिन्या फुटल्या, आगी लागल्या आणि तीन दिवसांहून अधिक जळत राहिल्या. सुमारे २८,००० इमारती गेल्या. अनेकांकडे विमा होता, पण आगीचा. बऱ्याच पॉलिसींत एक कलम होतं: आगीशिवाय दुसऱ्या कारणाने इमारत पडली, तर विमा तिथेच संपला. म्हणजे भांडण एकाच प्रश्नावर, घर आधी पडलं की आधी जळलं? राखेकडे बघून कोण सांगणार? भूकंपात मोडलेली घरं काहींनी स्वतःच पेटवली, असंही म्हणतात. काही कंपन्यांनी पूर्ण पैसे दिले, काहींनी घासाघीस केली, काही बुडाल्या.

आपण म्हणतो घराचा विमा. खरं तर तो कारणाचा विमा असतो. तुमचं काय गेलं याच्या आधी ते कशानं गेलं, हे विचारलं जातं.

आई दर पावसाळ्यात फोनवर विचारते, "घराचा विमा काढलायस ना रे?" इतकी वर्षं बिनधास्त "हो" म्हणायचो. काल भूकंपाचा अर्ज भरला. मंडळी, तुम्हीही एकदा कागद काढून बघाच. काय मिळेल ते नंतर वाचा, काय मिळणार नाही ते आधी.