टिफ्रॅक: भारतात बनलेल्या पहिल्या डिजिटल संगणकाची मेमरी कशी होती?

व्हॉट्सॲपवर येणारा एक साधा फोटोही साधारण १०० केबीचा असतो. देशात बनलेल्या पहिल्या डिजिटल संगणकाची मुख्य मेमरी होती फक्त १० केबी. तरीही ती त्या काळातल्या सर्वांत आधुनिक पद्धतीची होती.

कोणी बनवला?
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९५४ मध्ये रंगस्वामी नरसिंहन रुजू झाले. शिक्षणाने ते इंजिनिअर आणि गणितात पीएच.डी. त्यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९५६ मध्ये आधी छोटे चाचणी यंत्र चालवून दाखवले. मोठे यंत्र १९६० मध्ये सुरू झाले. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. पंतप्रधान नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले.

मेमरी कशी चालायची?
टिफ्रॅकमध्ये ४० बिटचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे एकूण ८१,९२० बिट. प्रत्येक बिटसाठी फेराइट या चुंबकी पदार्थाची एक बारीक कडी असे. कडीतल्या चुंबकत्वाची एक दिशा म्हणजे ० आणि उलटी दिशा म्हणजे १.

या कड्या उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत ओवलेल्या असत. एका उभ्या आणि एका आडव्या तारेतून अर्धा-अर्धा विद्युतप्रवाह सोडला, की दोन्ही तारा जिथे छेदतात तिथलीच कडी दिशा बदलते. वाचताना मात्र नोंद पुसली जाते, म्हणून ती लगेच पुन्हा लिहावी लागते. वीज गेली तरी कड्यांमधली माहिती टिकून राहते.

ही निवड महत्त्वाची का होती?
टिफ्रॅकची रचना अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या 'आयएएस' संगणकावर बेतलेली होती. पण त्या यंत्राची मेमरी कॅथोड रे ट्यूबची होती. ट्यूबच्या पडद्यावरचा विद्युतभार सारखा ताजा करत राहावा लागे आणि त्यात चुका होत. शिवाय तिथे १,०२४ शब्दच मावत. एमआयटीच्या 'व्हर्लविंड' संगणकात कड्यांची मेमरी १९५३ मध्ये बसली. तीन वर्षांतच मुंबईतले चाचणी यंत्रही तीच पद्धत वापरत होते.

पुढे काय झाले?
टिफ्रॅक सुरू झाला तेव्हा जगात ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते, त्यामुळे त्याच्या ट्यूब लवकरच जुन्या ठरल्या. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकी 'सीडीसी ३६००' संगणक आला आणि टिफ्रॅक निवृत्तीला लागला. मेमरीची निवड मात्र चुकली नव्हती. नव्या संगणकातही फेराइटच्या कड्याच होत्या. सत्तरच्या दशकात सेमीकंडक्टर चिप येईपर्यंत जगभर हीच पद्धत चालली.