भिंतीवरची मूठ

माझ्या शेजारची एक मुलगी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी ती कागदांची चळत घेऊन घरी आली. "काका, ग्राफिक डिझाइनच्या प्रोजेक्टला विषय घेतलाय, निषेध आणि क्रांती. इंटरनेटवरून पन्नासेक पोस्टर्स काढलीत. तुम्ही इतिहास शिकवायचात, जरा बघता का?"

मी पाहिली. लाल रंग, काळा रंग आणि वळलेली मूठ. बहुतेक कागदांवर मूठच! त्यांतल्या एका चित्रात मात्र कारखान्याच्या चिमणीचीच मूठ झाली होती. खाली फ्रेंच भाषेत तीन शब्द. अर्थ असा, की लढा चालूच आहे. तिला तेच सर्वांत आवडले होते. साहजिकच आहे, तिचे आजोबा लालबागच्या गिरणीतले कामगार. "हे कुणी काढलंय?" मी विचारले. "नाव नाही मिळालं," ती म्हणाली.

नाव मिळणारच नव्हते. का, ते समजण्यासाठी आपल्याला १९६८ च्या मे महिन्यातल्या पॅरिसमध्ये जावे लागेल.

त्या वर्षी ३ मे रोजी पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात पोलीस शिरले आणि विद्यार्थ्यांचा असंतोष रस्त्यावर आला. १० मेच्या रात्री रस्त्याचे दगड उखडून अडथळे उभारले गेले, जोरदार चकमकी झाल्या. १३ मे रोजी कामगार संघटनांनी विद्यार्थ्यांच्या पाठिंब्यासाठी संप पुकारला. पुढे एकेक कारखाना कामगारांनी ताब्यात घेतला आणि संपकऱ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. पेट्रोल मिळेना, गाड्या बंद, टपाल बंद.

१४ मे रोजी पॅरिसच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी आपली शाळा ताब्यात घेतली. तिथल्या शिळाछापाच्या यंत्रावर त्यांनी पहिले पोस्टर काढले. कारखाने आणि विद्यापीठे यांची एकजूट, एवढाच त्याचा मजकूर. प्रती निघाल्या तीस. या मंडळींतले चित्रकार जेरार फ्रोमांजे यांनी पुढे एक आठवण सांगितली आहे. त्या प्रती चित्रांच्या दुकानात विकून चळवळीला पैसे द्यावेत, असा बेत होता. पण शाळेबाहेर पडताच विद्यार्थ्यांनी त्या हातातून काढून घेतल्या आणि समोरच्या भिंतींवर चिकटवून टाकल्या! चित्र विकायचे नसते, भिंतीवर लावायचे असते, हा धडा कलावंतांना रस्त्याने दिला.

पण तीस प्रतींनी शहर कसे भरणार? मग स्क्रीन प्रिंटिंग आले. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि कापडी फलक ज्या पद्धतीने छापत, तीच ही पद्धत. लाकडी चौकटीवर जाळीदार कापड ताणायचे, नको असलेला भाग बुजवायचा आणि रबराच्या पट्टीने शाई ओढायची. यंत्र नको, वीज नको, नवख्यालाही तासाभरात जमते. संपावर असलेल्या छापखान्यांतून वर्तमानपत्राच्या रिळांचे उरलेले कागद मिळत. 'जनतेची कार्यशाळा' असे नाव घेतलेल्या या ठिकाणी दिवसरात्र छपाई चाले. महिना-दीड महिन्यात तिथे तीनशेहून अधिक वेगवेगळी पोस्टर्स तयार झाली.

आता त्या मुलीला आवडलेल्या चित्राकडे पुन्हा पाहा. रंग एकच, कारण दुसऱ्या रंगाला दुसरी चौकट लागते आणि वेळ नव्हता. आकृती ठसठशीत, कारण बारीक रेघा घाईच्या छपाईत टिकत नाहीत. अक्षरे हाताची, कारण टाइप जुळवत बसायला सवड नव्हती. आज ज्याला आपण 'क्रांतीची शैली' म्हणतो, ती बरीचशी अडचणीतून आलेली आहे.

आणि नाव? रोज संध्याकाळी कार्यशाळेत सभा भरे. विद्यार्थी असत, चित्रकार असत, कारखान्यांतून आलेले कामगारही असत. प्रत्येक कच्चे चित्र सर्वांसमोर ठेवले जाई आणि दोन प्रश्न विचारले जात. यातला विचार बरोबर आहे का? आणि तो विचार या चित्रातून पोहोचतो का? सभेने सुचवलेले फेरफार करून मग ते छापायला जाई. चित्र सर्वांचे, म्हणून सही कुणाचीच नाही.

या पोस्टर्सना विनोदाचेही वावडे नव्हते. १९ मे रोजी राष्ट्राध्यक्ष द गॉल मंत्र्यांशी बोलताना म्हणाले, की सुधारणा हवी, पण हा गोंधळ नको. गोंधळासाठी त्यांनी वापरलेला फ्रेंच शब्द बराच गावठी होता. लगेच भिंतींवर त्यांचीच काळी आकृती झळकली, खाली मजकूर, 'गोंधळ म्हणजे हाच!' दुसऱ्या एका पोस्टरवर सरकारी प्रसारण संस्थेच्या माइकसमोर शिरस्त्राण घातलेला पोलीस होता. रोज रात्री आठ वाजता तोच आपल्याशी बोलतो, असे खाली लिहिले होते. नभोवाणीवरून हे सांगताना मलाही किंचित चाचरायला होते!

शेवट काय झाला? ३० मे रोजी द गॉल यांनी नभोवाणीवरून भाषण करून संसद विसर्जित केली. जूनमधल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले. २७ जूनला पोलिसांनी कलाशाळा रिकामी केली. द गॉल पायउतार झाले ते १९६९ च्या एप्रिलमध्ये, सार्वमत हरल्यावर. म्हणजे पोस्टर्सनी सरकार पाडले, असे काही म्हणता येत नाही.

कार्यशाळेने मात्र एक गोष्ट बजावून ठेवली होती. ही पोस्टर्स शोभेसाठी नाहीत, ती दिवाणखान्यात लावू नका, त्यांची जागा भिंतीवर आणि लढ्यात आहे. आज तीच पोस्टर्स लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत आणि लिलावात चांगल्या किमतीला विकली जातात. संग्रहालयाने ती जपली म्हणून तर आपल्याला पाहायला मिळाली, हेही खरेच.

हे सगळे ऐकून ती मुलगी जरा गप्प झाली. "म्हणजे मी मूठ वापरू नको?" मी म्हणालो, "वापर की! पण ते दोन प्रश्न आधी स्वतःला विचार. तुझा विचार कोणता? आणि तो कुणापर्यंत पोहोचवायचाय?"

आठवड्याने ती पुन्हा आली. आजोबांना तिने १९८२ च्या गिरणी संपाबद्दल विचारले होते. भिंतींवर काय होते? मूठ होती का? आजोबा म्हणाले, "मूठ कुठली गं? आमच्या नाक्यावर फळा होता. कुणीतरी रोज खडूनं बातमी लिहायचं, दुसऱ्या दिवशी पुसायचं. आम्ही सकाळी उठून आधी तो वाचायला जायचो." कोण लिहायचे, ते आजोबांना आठवत नाही. त्या फळ्याचा फोटोही कुणाकडे नाही.

फळ्यावर काय काय लिहिलेले असे, ते ती आता आजोबांना विचारून वहीत उतरवून घेते आहे. इंटरनेटवरच्या पन्नास चित्रांची चळत अजून माझ्याच टेबलावर पडून आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)