दिनविशेष : २५ डिसेंबर – न्यूटनचा वाडा

इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातल्या वूल्स्थॉर्प मॅनर या दगडी वाड्यात १६४२ साली, तिथल्या तेव्हाच्या जुन्या दिनदर्शिकेनुसार आजच्या दिवशी, आयझॅक न्यूटनचा जन्म झाला. वडील आधीच वारले होते. १६६५मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडले, तेव्हा तो घरी परतला आणि इथेच लोलकातून प्रकाशाचे रंग वेगळे करू लागला. विज्ञानाच्या इतिहासात इतके मोलाचे घर क्वचितच सापडेल! १९४३पासून नॅशनल ट्रस्टने हा वाडा संग्रहालय म्हणून जपला आहे. ज्याचे फळ पडताना पाहून न्यूटनला गुरुत्वाकर्षणाचा विचार सुचला असे सांगतात, ते दारातले सफरचंदाचे झाड १८२०च्या सुमारास वादळात उन्मळले, पण मुळांतून पुन्हा फुटले. त्याची कलमे पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातही लावली गेली होती. वूल्स्थॉर्पचे झाड आजही फळते.