औद्योगिक शैली (गृहशोभन)

कारखाना, गोदाम किंवा कर्मशाळा अशा वास्तूंमध्ये केवळ उपयोगासाठी उघडे राहिलेले बांधकामाचे घटक घरातही न झाकता त्यांनाच शोभेचे अंग मानणाऱ्या गृहशोभनाच्या पद्धतीला औद्योगिक शैली म्हणतात. गिलावा नसलेल्या विटांच्या भिंती, काँक्रीटचे छत, पोलादी तुळया, बिडाचे खांब, छताखालून जाणारे पाण्याचे नळ आणि हवा खेळवणारी पत्र्याची नळकांडी ही तिची ठळक लक्षणे होत. बहुतेक शैली इमारतीच्या सांगाड्यावर आवरण चढवून शोभा साधतात. ही शैली आवरण काढून टाकते, आणि म्हणूनच जेथे मूळ सांगाडा पाहण्याजोगा असतो तेथे ती सर्वाधिक खुलते.

या शैलीची जडणघडण मुख्यतः न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या सोहो भागात झाली. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापारासाठी व कारखान्यांसाठी ओतीव लोखंडाच्या, म्हणजे बिडाच्या, दर्शनी भागांच्या अनेक मजली इमारती उभ्या राहिल्या. साच्यात ओतलेले सडपातळ खांब मोठा भार पेलत असल्याने त्यांच्यामध्ये रुंद खिडक्या बसवता येत आणि विजेच्या दिव्यांपूर्वीच्या काळात कामाला लागणारा उजेड त्यांतून मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर लहान कारखाने येथून हलू लागले, तेव्हा ‘लॉफ्ट’ या नावाने ओळखले जाणारे आडभिंती नसलेले हे सलग मजले रिकामे पडले, आणि मोठ्या आकाराच्या कामासाठी स्वस्त जागा शोधणारे चित्रकार व शिल्पकार तेथे येऊ लागले. हा भाग उद्योगांसाठी राखीव असल्याने तेथे राहणे नियमबाह्य होते. साहजिकच नूतनीकरणावर पैसा न घालता आहे तीच रचना वापरात आली. डॉनल्ड जड या कलावंताने १९६८ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवरील १८७० सालची पाच मजली इमारत विकत घेऊन तिचे मजले मोकळेच ठेवले. पुढे १९७१ मध्ये प्रमाणित कलावंतांना सोहोत राहण्याची मुभा मिळाली, १९७३ मध्ये हा भाग वारसा क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि १९८२ च्या कायद्याने अशा मजल्यांवरील भाडेकरूंना संरक्षण लाभले.

कारखान्यातील सामग्री घरात आणण्याचे प्रयोग याआधीही झाले होते. पॅरिसमध्ये प्येर शारो याने १९३२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘मेझाँ द व्हेर’ या घरात काचेच्या ठोकळ्यांची भिंत व उघडे पोलादी खांब आहेत, तर अमेरिकेत चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने १९४९ मध्ये बाजारात तयार मिळणाऱ्या पोलादी भागांतून स्वतःचे घर उभारले. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने (१९७७) इमारतीचे सर्व नळ दर्शनी भागावर आणले. जोन क्रॉन आणि सुझान स्लेसिन यांच्या १९७८ मधील ‘हाय-टेक’ या ग्रंथाने कारखान्यांसाठी बनलेल्या वस्तू घरात वापरण्याची कल्पना सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवली.

या शैलीत भिंती व फरशी करड्या, काळ्या आणि विटकरी रंगांत ठेवतात, व त्यांचा रुक्षपणा लाकूड, चामडे आणि जाड सुती कापड यांनी कमी करतात. फरशीसाठी घोटलेले काँक्रीट किंवा जुन्या फळ्या वापरतात. फर्निचरमध्ये झाव्हिए पोशार याची १९३४ सालची जस्ताचा थर दिलेल्या पोलादी पत्र्याची ‘टोलिक्स’ खुर्ची आणि अमेरिकी नौदलासाठी १९४४ मध्ये तयार झालेली ॲल्युमिनियमची ‘नेव्ही’ खुर्ची हे नमुने प्रमाण मानले जातात. प्रकाशासाठी धातूच्या छत्रीचे टांगते दिवे आणि सांध्यांवर वळणारे कामाचे दिवे पसंत केले जातात.

मुंबईतही सोहोसारख्या वास्तू होत्या, परंतु त्यांचे भवितव्य वेगळे ठरले. १९८२ च्या गिरणी संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि गिरणगावातील बऱ्याच जमिनींवर मनोरे व व्यापारी संकुले उठली. लोअर परळच्या कमला मिल, मथुरादास मिल यांसारख्या काही आवारांत जुन्या बांधकामाला कार्यालये, दालने व उपाहारगृहे यांच्या रूपाने नवा उपयोग मिळाला. तेथे घरे मात्र फारशी झाली नाहीत. त्यामुळे महाराष्ट्रात ही शैली मुख्यतः नव्या सदनिकांत, सिमेंटचा कोबा, विटांसारख्या दिसणाऱ्या पातळ फरश्या आणि काळ्या रंगाचे पोलादी चौकोनी नळ यांच्या साहाय्याने उभी केली जाते.

अशा सदनिकांत काही तांत्रिक मर्यादा पाळाव्या लागतात. आरसीसी इमारतीतील विटा गिलाव्याखाली झाकण्यासाठीच रचलेल्या असल्याने त्यांचे थर व दरजा बहुधा ओबडधोबड असतात, आणि बाहेरच्या भिंतीचा गिलावा काढल्यास पावसाची ओल आत येऊन लोणा लागण्याचा धोका संभवतो. खांब व तुळया यांवरील काँक्रीटचा थर आतील सळ्यांचे गंजण्यापासून रक्षण करतो. तो शोभेसाठी तासणे इमारतीच्या सुरक्षिततेला बाधक ठरते. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत उघड्या पोलादावर गंजरोधक लेप आवश्यक असतो, तर वायरिंग लोखंडी नळ्यांतून भिंतीवरून नेल्यास त्या नळ्यांना अर्थिंग द्यावेच लागते. कठीण पृष्ठभागांवरून परावर्तित होणाऱ्या ध्वनीमुळे खोलीत घुमारा निर्माण होतो व तो कमी करण्यासाठी गालिचे, जाड पडदे आणि पुस्तकांची कपाटे उपयोगी पडतात. जुन्या कारखान्यातील सामान वापरताना रंगातील शिसे व पत्र्यातील ॲस्बेस्टस यांची तपासणी करणे इष्ट असते.

समाजशास्त्रज्ञ शेरन झूकिन यांनी १९८२ मधील ‘लॉफ्ट लिव्हिंग’ या ग्रंथात दाखवून दिले की, कलावंतांच्या वास्तव्याने या मजल्यांना प्रतिष्ठा आली आणि त्या प्रतिष्ठेमुळे मालमत्तेचे भाव चढून अल्प उत्पन्नाचे रहिवासी व लहान उद्योग यांनाच तेथून निघावे लागले. गरजेतून जन्मलेली ही शैली अशा रीतीने महागड्या राहणीची खूण बनली. मूळ वास्तूतील उघडा घटक जपणे आणि नव्या भिंतीवर त्याची प्रतिकृती चिकटवणे या दोन्हींना आज एकच नाव असले, तरी पहिल्यात वास्तूचे जतन होते आणि दुसऱ्यात एका आवरणाच्या जागी दुसरे आवरण येते.