सड्यावरचे ऊन

रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास लिहिताना बंदरे, किल्ले आणि खोतांचे तंटे यांचीच दप्तरे बहुधा उलगडली जातात. ज्या जांभ्याच्या उघड्याबोडक्या पठारास तेथील माणूस सडा म्हणतो, त्याचा गुरांच्या आरोग्याशी असलेला संबंध मात्र त्यांत सहसा आढळत नाही. महसुलाच्या दृष्टीने सडा आणि भोवतालची वरकस जमीन हलक्या प्रतीची. म्हणून खालच्या मळ्यांत भात उभे असेतोवर गुरे वर नेण्याची वहिवाट पडली, आणि डोईवर इरले घेतलेला गुराखी ऐन पावसाळ्यातही ती हाकीत असे.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखातला गोठा म्हणजे भरदुपारीही दावे चाचपून सोडावे लागेल असा काळोख. त्यात बारमाही कोंडलेल्या वासराच्या कातडीला सूर्याचे अतिनील किरण लाभत नाहीत, त्या किरणांनी तिच्यात घडणारे ‘ड’ जीवनसत्त्व घडत नाही, आणि त्याअभावी चाऱ्यातला चुना हाडांत पुरेसा न मुरल्याने पाय वाकतात, सांधे सुजतात. माणसाची गत निराळी नाही. 1922 साली हचिसन आणि शहा यांनी नाशिकचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मुडदूस आढळला तो पडद्यातल्या खात्यापित्या घरांत. उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या निकृष्ट अन्नाने तो ओढवला नव्हता!

दोनच वर्षांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांत धरलेले खाद्य उंदरांचा मुडदूस हटवते हे दाखवले, आणि कोकणातल्या एका जुन्या रिवाजाचा अर्थ उलगडला. पावसाळा सरल्यावर सड्यावरचे गवत कापायचे, जागीच उन्हात पसरायचे, पालटून वाळले की भारे बांधून त्यांची उडवी रचायची, हा तो रिवाज. शेतकऱ्याचा हेतू गवत कुजू नये एवढाच; परंतु कापल्या गवतावरील सूक्ष्म बुरशीत एक द्रव्य असते, त्याचे उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व होते, आणि तेवढे ऊन गोठ्यातल्या गुरांच्या पोटात जाते. हेतूवाचून साधलेले असे हित शेतीत पुष्कळ सापडते, असे मला वाटते.

1949 च्या कायद्याने खोती संपली. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून वरकस जमिनींवर आणि सड्यांवर हापूसच्या बागा उभ्या राहिल्या, त्यांना गडगे पडले आणि चराईच्या वाटा तुटल्या. डोंगर चढणारी ठेंगणी कोकण कपिला 2018 साली स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. गोठ्यातच बांधून ठेवलेल्या संकरित गाईसाठी मात्र आता ‘ड’ जीवनसत्त्व घातलेले क्षारमिश्रण रोख पैसे मोजून आणावे लागते.